कोमोच्या काठावर सुमन जे बोलली

मी गाव सोडले त्या दिवशी वडील एसटीच्या थांब्यापर्यंत आले होते. देवगड तालुक्यातला आमचा थांबा म्हणजे रस्त्याकडेचा एक सपाट दगड. गाडी वळणावर दिसली तेव्हा ते म्हणाले, "थंय गप ऱ्हव. आपला काम कर."

मी दोन्ही केले. दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागलो आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. मधे चाळीस वर्षे गेली. तुमच्यापैकी जे गावी राहिले त्यांना हा काळ मोठा वाटेल. जे माझ्यासारखे निघाले त्यांना तो कसा सरतो ते सांगायला नको.

सुमन, माझी पत्नी, लग्नानंतर तीन वर्षांनी फॅमिली व्हिसा मिळाला तेव्हा दुबईतल्या करामा वस्तीत माझ्याकडे आली. पहिल्याच महिन्यात तिने सुके बांगडे भाजले. शेजारी पुण्याचे एक इंजिनीयर राहत. त्यांनी जिन्यात मला गाठून अत्यंत सभ्यपणे विचारले, "ड्रेनेज तुंबलंय का हो तुमच्याकडे?" त्या संध्याकाळी मी सुमनला सांगितले, सुकी मासळी आजपासून खलास. तिने वाद घातला नाही. पुढे मुलगा मंदार शाळेत जाऊ लागला, तेव्हा घरात मालवणी बंद करून शुद्ध मराठी बोलायचे, हेही मीच ठरवले. तिने तेही पाळले. मंदार शुद्ध मराठीतल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देत मोठा झाला.

माझी नोकरी संपली तसा आमच्या व्हिसाचा प्रश्न आला. मंदारने तो चुटकीसरशी सोडवला. तो मोठा फ्लॅट घेणार होता, त्यात आमची वेगळी खोली, आमचा व्हिसाही तोच काढणार. मी होकार दिला. सुमनला मी हे सांगितले. विचारले नाही. या दोहोंतला फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

ईदच्या सुट्टीत मंदारने आम्हाला इटलीला नेले. कोमो नावाचे लांबलचक सरोवर आहे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, आणि पाण्याला चिकटून लहान लहान गावे. बोट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते, पाच-दहा माणसे उतरतात, तितकीच चढतात, कोणी घाई करत नाही. गावांतून गल्ल्या नाहीत, दगडी पायऱ्याच आहेत. बाकांवर माझ्या वयाची माणसे बसलेली दिसली. तरुण मिलानला नोकरीला जातात, असे मंदारने वाचून सांगितले. बरीच घरे बंद होती, पण खिडक्यांतल्या कुंड्यांना कोणीतरी पाणी घालत होते.

पहिल्या दिवशी एका हॉटेलात सरोवरातला मासा लोण्यात परतून भातावर घालून दिला. सुमनने एक घास खाऊन चमचा ठेवला.

"अहो, भात कच्चा आहे."

"आजी, इट्स रिझोटो. इट्स सपोज्ड टु बी लाइक दॅट," आमची बारा वर्षांची नात ईरा म्हणाली.

"कच्चा तो कच्चाच. नाव काही का असेना."

दुसऱ्या दिवशी मंदार आणि सूनबाई कुठलासा बगीचा पाहायला गेले. आम्ही तिघे काठाने चालत पुढच्या गावात गेलो. तिथे एका घरासमोर लाकडी चौकटींवर मासे टांगून उन्हात वाळत घातले होते. हाताच्या पंजाएवढे, चंदेरी, पोट फाडून साफ केलेले. सुमन जागच्या जागी थांबली. अंगणात ऐंशीच्या घरातली एक बाई निखाऱ्यांवर तेच मासे भाजत होती. बाहेर दोन टेबले मांडली होती, म्हणजे खायला मिळत असावे. मी पुढे होऊन विचारले, "अम्मा, ये मछली कितने दिन सुखाते हैं?"

ईरा हसत खालीच बसली. "आजोबा! यू आर स्पीकिंग हिंदी टु हर!"

खरे होते. चाळीस वर्षे पठाण असो, मल्याळी असो की बंगाली, परक्या माणसाशी हिंदीच बोललो. समोरचा परका दिसला की जीभ आपसूक तिकडे वळते. सुमन मात्र पुढे गेली आणि म्हणाली, "बाये, किती दिस सुकयतंस गो?"

ती भाषा मी तिच्या तोंडून पस्तीस वर्षांत ऐकली नव्हती. म्हातारीने चार बोटे दाखवली. मग एक पत्र्याचा डबा उघडून आत तमालपत्राच्या थरांत दाबून ठेवलेले मासे दाखवले. सुमनने मान डोलावली. म्हातारीने मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा तांब्याच्या भांड्यातून पाटावर ओतला, दोऱ्याने त्याच्या वड्या कापल्या, वर भाजलेला मासा ठेवला आणि व्हिनेगर शिंपडले. त्याचा वास अंगणात, रस्त्यावर, शेजारच्या उघड्या खिडक्यांत गेला. कोणीही खिडकी लावली नाही.

ईरा पाण्याकडे गेली. मी तिच्यावर लक्ष ठेवायला कुंपणाच्या भिंतीपाशी उभा राहिलो. दोघी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. म्हातारी इटालियनमध्ये काही सांगत होती, डोंगराकडे बोट करत, बहुधा मुलांविषयी. सुमन मालवणीत उत्तरे देत होती. मग ती म्हणाली, "आता माका घराक जावचा आसा. ह्येंका सांगाक जमणा नाय."

घर म्हणजे गाव, आणि 'ह्येंका' म्हणजे मला. म्हातारीला यातले अक्षरही कळले नसणार. तिने सुमनच्या ताटात आणखी एक मासा ठेवला.

दुबईला आल्यावर मंदारला एकट्याला गाठून म्हणालो, "त्या फ्लॅटमध्ये आमची खोली धरू नकोस."

"पण बाबा, आपलं फायनल झालं होतं ना?"

"तुझं आणि माझं झालं होतं. तुझ्या आईला कोणी विचारलं नव्हतं. तिला गावी जायचंय."

"गावी हॉस्पिटल दीड तासावर आहे. यू नो दॅट."

"ठाऊक आहे."

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "आई खूश आहे, असं मला वाटायचं."

"मलाही."

खरे सांगायचे तर गाव आता माझे घर उरलेले नाही. तिथल्या वाटा मला विचाराव्या लागतात. करामातली प्रत्येक गल्ली मला डोळे मिटून सापडते. कोणत्या दुकानातला भाजीवाला खोटे बोलतो हेही मी जाणतो. तुम्ही गावकरी मला परत आलेला म्हणाल. माझ्या हिशेबी मी घर सोडून येतो आहे, दुसऱ्यांदा. याची तक्रार नाही. पहिल्या खेपेस सुमन माझ्यामागून आली, तेव्हा तिनेही हेच केले होते आणि मी ते मोजले नव्हते.

काल सकाळी ती भाजी निवडत बसली होती. मी समोर बसलो. वाक्य मनात दोनदा जुळवून पाहिले.

"घराक कधी जावया?"

तिने वर पाहिले. हातातली जुडी खाली ठेवली.

"तुमी येतलास?"

तिने एकटीने जायची तयारी मनात केलेली होती, हे मला त्या क्षणी कळले.

"मगे मी खंय जातलंय?" मी म्हणालो.