चौदाव्या रकान्यातले ठिपके

ऑफिसात त्यांना सगळे अपूर्णराव म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते वाचायला कोणाला सवड होती! लोकांनी काउंटरवर अर्धवट भरून सोडून दिलेले अर्ज सांभाळणं हे त्यांचं काम. असे अर्ज बारा वर्षं ठेवायचे, असा नियम होता. का, ते विचारू नये. नियम करणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसावं.

दुपारी त्यांच्या खोलीत उंच खिडकीतून उन्हाचा पट्टा उतरायचा आणि गठ्ठ्यांवरून सावकाश सरकत जायचा. जेवण अंगावर आलं की अपूर्णरावांना वाटायचं, एकेका कागदामागे माणूस बसलाय. हातात पेन धरून, कोणीतरी पुढचं सांगेल म्हणून थांबलाय. घाई कोणालाच नाही. मग त्यांचाही डोळा लागायचा.

नव्या साहेबबाई आल्या आणि ती झोप मोडली. छोटा धंदा सुरू करण्याचा अर्ज सोपा करायचा होता. "एकतीस प्रश्न! यातले काढायचे कुठले?" बाईंनी विचारलं. सगळे खाकरले. प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या जुन्या साहेबाचा लाडका. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मागून अपूर्णराव म्हणाले, "ठिपके मोजावेत, मॅडम. माणूस अडला की पेनाचं टोक तिथेच टेकवत बसतो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "मोजा," म्हणाल्या.

मग महिनाभर ते त्या उन्हात ठिपके मोजत बसले. सगळ्यात जास्त निघाले चौदाव्या रकान्यात: 'घरातील कर्त्या व्यक्तीची संमती व सही.' अर्जही बहुतेक बायकांचे. सही आणायला यांचं काय जातं, असं अपूर्णरावांना नेहमी वाटायचं. घरी जेवताना असे किस्से रंगवून सांगायची त्यांना भारी हौस.

एका दुपारी पेंगता पेंगता समोर ओळखीचं अक्षर आलं. वाणसामानाच्या यादीतलं, गोल आणि नीट. स्वप्नच पडलंय असं समजून ते बघत राहिले. अर्ज दहा वर्षांपूर्वीचा. धंदा: जुने स्वेटर उसवून नवे विणणे. पत्ता त्यांच्याच घराचा. तेरा रकाने सुरेख भरलेले. चौदाव्यात सात ठिपके, आणि पुढे कोरं.

कागद घरी न्यायचा नसतो, पण अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नियमाला फाटा दिला.

बायको खिडकीशी बसून शेजारणीचा स्वेटर उसवत होती. तिने कागद पाहिला आणि लोकर गुंडाळत राहिली.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारणारच होते. अर्ज काउंटरवर ठेवून घरी आले, त्याच संध्याकाळी तुम्ही सांगत होतात, एक बाई सहीवाचून परत गेली म्हणून. 'नवऱ्याला विचारायची हिंमत नाही आणि निघाल्या धंदा करायला!' इतके हसलात की ठसका लागला. पाणी मीच दिलं तुम्हाला."

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं त्यांना. ते म्हणाले, "चुकलो गं मी. फार चुकलो." आणि चाचरत विचारलं, "हा कागद बैठकीत दाखवू?"

"दाखवा. तो तरी बाहेर पडू दे."

बैठकीत हेडक्लार्क म्हणाले, "पण संमती विचारली म्हणून बिघडतं कुठे?"

"माझ्या घरात बिघडलं," अपूर्णराव म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावर ठेवला. आवाज त्यांचाच होता, पण त्यांना तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला. कोणी हसलं नाही. चौदावा रकाना गेला, आणि त्याच्या मागोमाग आणखी एकोणीस.

नवा अर्ज त्यांनी स्वतः घरी आणला. अकरा प्रश्न. खिडकीशी बसून ती भरू लागली. अपूर्णराव पेपर वाचण्याचं सोंग करत होते. नजर सगळी पेनावर. दहा रकाने पेन सरळ चालत गेलं. अकराव्यावर, 'धंद्याचे नाव' इथे, थांबलं. एक ठिपका. दुसरा.

अपूर्णरावांचा जीव टांगणीला लागला. "काय अडलं गं?"

"काही नाही हो. दहा वर्षं एकच नाव मनात होतं. आता लिहायची वेळ आली तर तीन सुचताहेत. बसू द्या की जरा!"

ते उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि गुंतलेली लोकर सोडवू लागले. ऊन खिडकीतून खाली उतरलं होतं. घाई कोणालाच नव्हती.