खंडू भोंगेवाला आणि चार ओहमचा स्क्रू

डिंगोऱ्याच्या स्टँडवर उतरलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान दिसायचं. पाटीवर लिहिलेलं होतं : 'खंडू साउंड. येथे आवाज दुरुस्त करून मिळेल.' ही पाटी वाचून भजनी मंडळातले एक बुवा घसा धरून आत शिरले होते, असं खंडू सांगायचा. खंडूने सांगितलेल्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यावं लागायचं. पंचाईत अशी, की सोडायचं निम्मं कुठलं ते कळायचं नाही.

अंगाने हा माणूस मायक्रोफोनच्या स्टँडएवढाच. चालायचा मात्र असा, की पंचक्रोशीतला सगळा आवाज याच्याच खिशातून निघतो. लग्न असो, जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, खंडूचे भोंगे नाहीत तर कार्यक्रमच नाही. त्याचं एक ब्रीद होतं. आमच्याकडे प्रत्येक आळीला वाटतं की भोंग्याचं तोंड आपल्याकडे असावं. खालच्या आळीकडे भोंगा वळला की वरची आळी जेवायची थांबते. म्हणून खंडू म्हणायचा, "एका आळीला भोंगा दिला, की दुसरीला दिलाच पायजे. आवाज कमी पडला तर लोक माफ करत्यात राव, मान कमी पडला तर न्हाई." गावाची शांतता पोलीसपाटील राखतात असा सरकारचा समज होता. खरी ती खंडूच्या भोंग्यांनी राखली.

ही विद्या तो तंबू टॉकीजमध्ये शिकला. तरणा असताना जत्रा-जत्रांतून फिरणाऱ्या एका तंबूत तो आवाजाचं मशीन सांभाळायचा. एकदा तळेघरला खेळ चालू असताना त्याने चालत्या मशीनमधून स्पीकरची वायर उपसली. मशीन जुनं, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचं. ट्रान्सफॉर्मरमधून 'कट्' असा आवाज आला, निळा धूर निघाला आणि पडद्यावरचा नायक नुसतेच ओठ हलवू लागला. डोंगर तुडवत आलेली माणसं, ती काय उठून जातात? त्यांनी उरलेला पिक्चर स्वतःच बोलून पूर्ण केला. खंडूच्या मते मूळ संवादांपेक्षा ते बरे होते.

तेव्हापासून मशीन आणि स्पीकर यांचं जुळणं हा त्याच्या श्रद्धेचा विषय झाला. कुणी विचारलं की तो पंपाचं उदाहरण द्यायचा, कारण आमच्याकडे ओहम कुणाला कळत नसला तरी मोटार जळणं प्रत्येकाला कळतं.

"हे बघा भाऊ, मशीन म्हंजे पंप आन् स्पीकर म्हंजे पाइप. उंचावर पाणी चढवायचा पंप हाय आन् तुमी पाणी सपाटीला मोकळं सोडलं, तर पंप येड्यासारखं पाणी फेकतो, फेकतो, आन् मोटार तापून जळती. कमी ओहमचा स्पीकर तसा. आता उलटं करा. कॉक बंद करून पंप दाबा. पाइप फुटतो का न्हाई? व्हॉल्व्हच्या मशीनची वायर उपसली की तसं व्हतं. पंप आन् पाइप जमलं पायजेत. तेवढंच हाय, बाकी समदं पत्रं."

मी सातवीपर्यंतच्या मुलांना विज्ञान शिकवायचो. हे ऐकलं त्या दिवसापासून मीही पंपच शिकवू लागलो.

सत्त्याण्णव साली राजरत्न त्याच्याकडे एक पेटी घेऊन आला. हा पोरगा पुण्याला छापखान्यात कामाला होता आणि तिथे गिटार शिकला होता. वस्तीतल्या गायन पार्टीत तो होताच. पण पार्टीत बाजाची पेटी, ढोलकी आणि बेंजो. गिटार कशाला, असा प्रश्न पार्टीचे मुख्य गायक सावळाराम यांनी विचारला होता. सावळारामबाबा दिसायला मऊ, आवाजाने भरदार आणि मताने दगडी माणूस. त्यांनी शेवटी एवढंच कबूल केलं : "जयंतीच्या कार्यक्रमात एकदा वाजीव. मधीच बंद पडली, तर बेंजो परत. मग गिटारीचं नाव काढायचं न्हाई."

त्या एका संधीसाठी राजरत्नाने पुण्यातल्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून गिटारचा जुना अॅम्प्लिफायर आणला. व्हॉल्व्हचा. स्पीकर उंदरांनी खाल्लेला. मागे स्पीकरची वायर जोडायला तीन स्क्रू : चार, आठ आणि सोळा ओहमचे.

खंडूने पेटीचं मागचं फळकूट काढलं आणि आत बोट घालण्याआधी हात धुऊन घेतले. ही घटना डिंगोऱ्यात अपूर्व होती. मग त्याने फक्त विचारलं, "ह्याचा ट्रान्सफॉर्मर दुसरा मिळंल का?"

"न्हाई दादा. असली पेटीच आता कुठं न्हाई."

"मग हा जळता कामा नये," खंडू म्हणाला, आणि तंबू टॉकीजच्या वेळचा एक मोठा स्पीकर माळ्यावरून खाली आला. त्यावरचा छाप कधीच पुसून गेला होता. राजरत्नाने मीटर लावलं.

"दादा, सहा दाखवतंय. सहाचा तर स्क्रूच न्हाई."

"मीटर बसल्या बैलाला मोजतंय. गाडी ओढणाऱ्या बैलाचं आठ धर."

आठच्या स्क्रूला वायर लागली. व्हॉल्व्ह हळूहळू तापले, काचेच्या आत नारिंगी उजेड पेटला. राजरत्नाने एकच तार छेडली. मी आजवर दुकानातल्या भोंग्यांतून पुष्कळ काही ऐकलं होतं, त्यातलं बहुतेक 'हॅलो, माइक टेस्टिंग' होतं. हा आवाज कानाकडे आलाच नाही. तो फळीवरून, पायांतून, बरगड्यांतून वर चढला. बाहेर कांद्याच्या पिशव्या उतरवणारे हमाल पिशवी खांद्यावरच ठेवून उभे राहिले.

"द्रौपदे," खंडू बायकोला हळूच म्हणाला, "चपला काढून आत ये."

चौदा एप्रिलला संध्याकाळी विहारासमोर मांडव भरला. गाणाऱ्यांचा आवाज खंडूच्या नेहमीच्या मशीनमधून दोन्ही आळ्यांच्या भोंग्यांत जात होता. गिटार मात्र स्टेजवरच्या तिच्या पेटीतून वाजत होती. त्यामुळे मांडवात बसलेल्यांना गिटार, आणि आपापल्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नुसतं गाणं. पहिल्या गाण्यानंतर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. भाषण म्हणजे भज्यांची वेळ, हे जाणून खंडू आणि मी टपरीकडे गेलो. सामानाच्या राखणीला द्रौपदाबाई बसल्या.

तेवढ्यात खालच्या आळीची ठकूबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"काय गं द्रौपदे, पोरगं आमच्या आळीचं, आन् त्याची गिटार आमच्यापासून लपवून ठिवली व्हय?"

द्रौपदाबाईंनी नवऱ्याचा संसार आणि नवऱ्याचं ब्रीद, दोन्ही मनापासून सांभाळलं होतं. दोन जादा भोंगे पडलेलेच होते. त्यांनी एक खालच्या आळीकडे वळवला. एकीला दिला की दुसरीला दिलाच पाहिजे, म्हणून दुसरा वरच्या आळीकडे. दोन्ही वायरी त्यांनी गिटारच्या पेटीच्या स्क्रूवर, स्पीकरच्या वायरीशेजारी, नीट पिळून बसवल्या. खंडूच्या नेहमीच्या मशीनवर हे चालायचं; ते बैलासारखं सोशीक होतं.

दुसरं गाणं सुरू झालं. दोन्ही आळ्यांतून टाळ्या आल्या. दुसऱ्या कडव्याला खंडूच्या हातातलं भजं तोंडाशी थांबलं.

"आवाज बसला," तो म्हणाला.

मला काहीच जाणवलं नव्हतं. भजं माझ्या हातात कोंबून तो पळाला. मी पोचलो तेव्हा तो पेटीमागे गुडघ्यांवर होता. व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा कडेने लाल होत चालला होता, लोहाराच्या भट्टीत कुळवाची पास होते तसा. राजरत्नाने मान वळवून ते पाहिलं आणि घाबरून पाय लांब केला, वायर उपसायला.

"तोडू नको!" खंडू ओरडला. "वाजत्या मशीनची वायर तोडू नको! आधी हात थांबीव!"

हात थांबेना. पोरगं पहिल्यांदाच आपल्या माणसांपुढे गिटार वाजवत होतं. शेवटी खंडूने गिटारच्या तारांवरच पंजा दाबला आणि पेटीचं बटण बंद केलं.

गाणं अर्ध्यावर तुटलं. सावळारामबाबांनी मागे पाहिलं. माइक चालू होता, त्यामुळे पुढचं अख्ख्या गावाने ऐकलं.

"काय रं? पडली का बंद?"

बेंजोवाला चिमाजी कोपऱ्यात बसला होता. त्याने बेंजोवरची खोळ काढायला घेतली. राजरत्नाचा चेहरा पाहवेना.

"द्रौपदे," खंडू दबक्या आवाजात म्हणाला, "भोंगं कुणी लावलं?"

"मी."

"किती?"

"दोन."

"एकच न्हाई?"

"एकच कसा लावीन? तुमीच तर म्हंता, एकीला दिला की दुसरीला..."

खंडू आता तिला बोलणार, असं मला वाटलं. तो तिच्याकडे पाहतच राहिला. ओठ हलू लागले, तळेघरच्या त्या नायकासारखे नव्हेत. हा हिशेब होता.

"भोंगा सोळाचा. दोन जोडीनं लावलं म्हंजे आठ. आपला स्पीकर आठ. आठ आन् आठ जोडीनं..." तो थबकला. "चार! मास्तर, चारचा स्क्रू हाय!"

एकच भोंगा असता तर बेरीज कुठल्याच स्क्रूशी चोख बसली नसती. दोन्ही आळ्यांचा मान बरोबर राखला गेला म्हणून ती बसत होती. जोडीने लावलेले स्पीकर म्हणजे शेजारी-शेजारी दोन पाइप, अडथळा निम्मा, हे खंडूने मला नंतर समजावलं. तेव्हा मी फक्त एवढं पाहिलं, की त्याने आठच्या स्क्रूवरच्या सगळ्या वायरी सोडवल्या, चारच्या स्क्रूवर आवळल्या, प्रत्येक वायर ओढून पाहिली आणि बटण दाबलं.

व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतो. सावळारामबाबा माइकपुढे हाताची घडी घालून उभे. चिमाजीचा हात खोळीवर.

काचेत नारिंगी उजेड आला. लाल नाही, नारिंगी. खंडूने मान हलवली.

राजरत्नाने तार छेडली.

आवाज स्टेजवरून उठला, आणि त्याच क्षणी वरच्या आळीतून आणि खालच्या आळीतूनही उठला. पेटीतला भरीव, भोंग्यांतला धारदार. मला क्षणभर वाटलं, मांडव, घरं, पलीकडची उसाची रानं, सगळं एकाच लाकडाचं आहे आणि कुणीतरी त्यावर तारा ताणल्या आहेत. ओट्यावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. ठकूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला, थोरामोठ्यांसमोर करतात तसा. बाबांनी तुटलेलं कडवं पहिल्यापासून उचललं. चिमाजीने खोळ पुन्हा घातली आणि तो मांडीवर ताल धरू लागला.

खंडू पुढे आलाच नाही. एरवी टाळ्या पडल्या की हा माणूस हात जोडून स्टेजच्या मधोमध असायचा. आज तो पेटीमागे बसून होता. ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवलेला, वासराला ताप आहे का पाहावं तसा. गाण्यामागून गाणी झाली. तो हात त्याने काढला नाही.

ठरलेली गाणी संपल्यावर सावळारामबाबा माइक सोडून पेटीमागे आले. वाकून त्यांनी खंडूच्या हाताशेजारी आपलाही हात ठेवला.

"तापलंय का रं?"

"कोमट हाय, बाबा."

बाबांनी जरा वेळ हात तसाच ठेवला. मग राजरत्नाकडे न पाहता म्हणाले,

"मग अजून दोन घेऊ. ह्याला सांग, पहिल्याची सुरवात गिटारीवर कर म्हणावं."