शिंक आणि सालूस

पहिल्यांदा घर सोडलं त्या सकाळी माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता आणि बाबा शिंकले.

माय दह्याची वाटी हातात घेऊन दारात उभी होती. ती ओरडलीच, "थांब, थांब! आत ये. घडीभर बस, पानी पे." आमच्याकडे कोणी निघताना घरात शिंक आली तर निघणाऱ्याने परत आत येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच उठायचं. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. जळगाव जामोदच्या स्टँडवर नांदुऱ्याची एस.टी. गाठायची होती आणि नांदुऱ्याला मुंबईची गाडी. मी पाय आपटत आत आले, बाजेवर बसले. बाबा समोर भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"मुद्दाम शिंकले ना तुम्ही?"

"शिंक का कोनाच्या हातात राह्यते?" ते तळहाताकडे बघत म्हणाले.

मी पाणी प्याले, उठले, "येतो" म्हणाले. आमच्या वऱ्हाडात बायकाही 'येतो'च म्हणतात. बाबांनी मान हलवली आणि दोनच शब्द बोलले, "तब्येत सांभाळ." स्टँडवर सोडायला धाकटा भाऊ गजानन आला. बाबा आले नाहीत. एस.टी. माझ्या डोळ्यांदेखत वळणावर दिसेनाशी झाली. पुढची मिळाली म्हणून निभावलं. मुंबईच्या गाडीत धापा टाकत बसले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, ती शिंक खोटी होती. कितीतरी वर्षं मी त्यावर अडून राहिले, आणि अडून राहण्यात मला कोणी हरवलेलं नाही.

खरं सांगायचं तर राग शिंकेचा नव्हता, बाजारातल्या जागेचा होता.

आमचं शेत लहान, पण पाण्याचं. वांगी, मेथी, मिरची, सांभार. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो. आठवडी बाजारात पाण्याच्या टाकीच्या सावलीला बाबांची ठरलेली जागा होती. मी शाळेत होते तेव्हापासून त्या जागेवर बसले. बाबा माल मांडायचे आणि मागे पोत्यावर टेकायचे, तोंड चालवायचं काम माझं. एकदा एक बाई वांगं उलटंपालटं करत म्हणाली, "हे किडकं हाय वं पोरी." मी म्हटलं, "काकू, किडा खाऊन जित्ता हाय म्हंजे तुमालेही काई होनार नाई. घ्या." बाई हसली आणि पिशवी भरून गेली. बाबा मागे पोत्यावर डोळे मिटून होते, पण मिशी हलत होती, ते मला दिसलं.

मग गजाननची शाळा सुटली आणि एका बाजाराला बाबांनी त्याला त्या जागेवर बसवलं. मला म्हणाले, "तू आता दुसरं काई पाहाय." एवढंच. गज्या गिऱ्हाईक मागेल त्या भावात वांगी द्यायचा, वरून सांभारही द्यायचा आणि "या हो मावशी" म्हणायचा. मी लांबून बघायचे आणि माझं रक्त तापायचं. मी त्या जागेची खरी मालकीण होते, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

म्हणून मी दुसरं काही पाहिलं. अकोल्याला रुग्णसेवेचा कोर्स केला. मुंबईत एका आजीबाईंची देखभाल केली. त्यांची लेक इटलीत होती, तिच्या ओळखीने इकडे आले. इकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बाईला 'बदांते' म्हणतात. बरीच वर्षं बदांते होते. रात्रंदिवस दुसऱ्याच्या घरात राहायचं, दुसऱ्याच्या आईला भरवायचं आणि रविवारी दुपारी बागेतल्या बाकावर बसून आपल्या आईला फोन करायचा. तुमच्यापैकी जे असे बाहेर पडलेत त्यांना तो बाक माहीत असेल, देश कोणताही असो. नंतर मी दुकान टाकलं. मसाले, डाळी, तांदूळ, आणि बाहेर फळीवर वांगी, मिरच्या, सांभार. दुकान कोणाच्या मेहरबानीने नाही, माझ्या तोंडाच्या जोरावर उभं राहिलं. घरमालक, घाऊकवाले, नगरपालिकेतला कारकून, सगळ्यांशी मी घासाघीस केली. इथे भावातल्या सवलतीला 'स्कोंतो' म्हणतात आणि ती मागणाऱ्याकडे लोक जरा विचित्र बघतात. बघू देत.

दुकानाचं उद्घाटन झालं त्या दिवशी मी घरी फोटो पाठवला. पाटीखाली मी उभी, हात कमरेवर. संध्याकाळी फोन केला. माय रडत होती, गजानन "ताई, लय भारी!" ओरडत होता. मग फोन बाबांकडे गेला.

"तब्येत बरी हाय ना?"

"हो."

"फोटोत वाळेल दिसतं. जेवत जाय. घे, मायसंग बोल."

बस. दुकानाचा एक शब्द नाही. मी फोन ठेवला आणि समोरच्या पोत्याला लाथ मारली. ते चण्याचं होतं, अंगठा सुजला. त्यानंतर दर रविवारी तेच. तब्येत बरी हाय ना? हो. बरं, घे मायसंग बोल. त्यांना तुम्ही कसे आहात असं विचारावं म्हटलं तर तेवढ्यात फोन मायच्या हातात गेलेला असायचा. मी सौदा करणारी बाई. समोरचा माल दाखवायच्या आत उठून गेला तर बोलायचं कोणाशी?

लूचाना माझ्या दुकानात आली ती हळद घ्यायला. गुडघे दुखतात, हळदीने बरं वाटतं असं तिला कोणी सांगितलं होतं. ती म्हातारी आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवत होती, म्हणून सगळं गाव तिला 'प्रोफेसोरेस्सा' म्हणतं. इथल्या लोकांत तीच एक घासाघीस करायची, आणि ती गरजेपोटी नाही, मजा म्हणून. एकदा मी तिच्यासाठी मिरचीची पूड मोजताना सटासट शिंकले.

"सालूते!" ती म्हणाली.

हे इथे सगळेच म्हणतात. शिंकलं की सालूते, पेला उचलला की सालूते. मी तिला सांगितलं, आमच्याकडे शिंक आली की माणूस थांबतो, तुमच्याकडे कौतुक करतात. तिला ते फार आवडलं. काउंटरला कोपर टेकून तिने शिकवायलाच सुरुवात केली. म्हणाली, हा शब्द जुना आहे, लॅटिनमधल्या 'सालूस'पासून आला. सालूस म्हणजे तब्येत, धडधाकट असणं. पण तेवढंच नाही. वादळातून जहाज किनाऱ्याला लागलं तर तेही सालूस. लढाईवर गेलेला जिवंत परतला तर तेही. सालूस नावाची देवीसुद्धा होती, वाटीतून सापाला खाऊ घालणारी. मला नागपंचमीची वाटी आठवली. पुढे चर्चवाल्यांनी हाच शब्द आत्म्याच्या तारणासाठी घेतला.

"एका शब्दात एवढा माल?" मी म्हटलं. "ही तर भेसळ झाली."

ती खो खो हसली. "अजून आहे. रोमन माणूस पत्र लिहायचा तेव्हा पहिल्या ओळीत आधी स्वतःचं नाव, मग ज्याला लिहायचं त्याचं, आणि पुढे हा शब्द. अमका तमक्याला सालूस सांगतो. कधीकधी तर नुसतं त्याचं पहिलं अक्षर. नंतर, तू बरा असशील तर छान, मी बरा आहे. मग कामाचं."

माझ्या आजोबांची पत्रं अशीच असायची, आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवा. हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता भडकले. "पण त्यांच्या पत्रात पुढे कामाचं तरी असायचं! माझा बाप पहिल्या ओळीवरच थांबतो." आणि मग शिंकेपासून बाजाराच्या जागेपर्यंत सगळं तिच्यापुढे ओतलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

लूचानाने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल. ती म्हणाली, "मग जा आणि त्याच्याकडून दुसरी ओळ काढून घे. तू तर माझ्याकडून हळदीचे पूर्ण पैसे काढून घेतेस." आणि जाताना, "सालूतामी तुओ पाद्रे." म्हणजे तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यातही तोच शब्द आहे. नमस्कार सांग म्हणजे, तब्येत सांग.

गेल्या हिवाळ्यात मी गेले. दुकान एका पंजाबी मैत्रिणीवर सोपवलं आणि मनात एकच हिशोब ठेवला. बाबांच्या तोंडून दुकानाबद्दल एक वाक्य काढायचं. चांगलं नको, वाईट चालेल, पण वाक्य पाहिजे.

घरी गेल्यावर मी किती फासे टाकले! दुकानातले चण्याचे भाव काढले, इटलीतली वांगी कशी टरबुजाएवढी असतात ते सांगितलं, फोनवरचे फोटो मोठे करून दाखवले. बाबा फोटो लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "थंडी लय राह्यत असंन तिकडं. स्वेटर नाई घातलं तू." बाजाराच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. जागा तीच, टाकीच्या सावलीला. गज्या पुढे, बाबा मागे पोत्यावर. गज्या अजूनही मागेल त्या भावात देतो. एका गिऱ्हाइकाला तो सांभाराची जुडी वर टाकायला गेला तशी मी त्याच्या हातातून ओढली आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, तुमी मले दुकानाचं काऊन कधी इचारलं नाई? एवढ्या वर्षांत एकदाही?"

बाजार चालूच होता. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी दिवसा कंदील मागितला.

"काय इचारू? दुकान तुले येते. तू इथं बसली की मी डोये मिटून पडो. तुह्या धंद्याची मले कधी फिकर नाई वाटली. तब्येत का तुह्या हातात हाय? म्हनून तेच इचारतो."

सांभाराची जुडी माझ्या हातातच होती, ती मी खाली ठेवली. पण मी अशी एका वाक्यात हार मानणारी नाही. "मंग ही जागा गज्याले काऊन देल्ली?"

"त्याले दुसरं काई येत नाई म्हनून."

"बाबा!" गज्या पुढून ओरडला. "मी हितं बसेल हाओ!"

"बसेल हायस तं वजन नीट कर," बाबा म्हणाले.

शेजारचा मिरचीवाला पोट धरून हसला. मीही हसले. पण लिहून ठेवते, हा न्याय नाही. जिला येतं तिने जावं आणि ज्याला येत नाही त्याने सावलीत बसावं, हे मला आजही पटलेलं नाही. फक्त आता त्या तक्रारीला धार राहिली नाही.

त्या संध्याकाळी लूचानाचा निरोप सांगितला. एक म्हातारी मास्तरीण आहे, तिने तुमच्या तब्येतीचं विचारलंय, आणि तो सालूसचा सगळा पसाराही सांगितला, जहाज, लढाई, देवी, पत्र. बाबांनी मान डोलवत ऐकलं. देवीच्या सापाबद्दल दोनदा विचारलं. मग म्हणाले, "तिची बरी हाय ना?"

"गुडघे दुखतात."

"तिले म्हनाव, सांभाळ." जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठीही त्यांच्याकडे तोच शब्द होता, आणि त्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही.

निघायच्या सकाळी दारात गाडी उभी होती, डिकी लोणच्याच्या बरण्यांनी भरलेली. मायने दही दिलं. मी सगळ्यांच्या पाया पडले, "येतो" म्हणाले, एक पाय बाहेर टाकला.

बाबा शिंकले.

मी गर्रकन वळले. ते त्याच भिंतीला टेकून बसले होते. तंबाखू नाही, मिरची नाही, घरात धूळ नाही, नाक कोरडं. गजाननची बायको शीला पदर तोंडाला लावून आत पळाली.

"सालूते," मी म्हणाले.

"काय म्हनतं?"

"इटलीत शिंकल्यावर असं म्हनतात. तब्येत चांगली राहो."

"आन् मंग बसतात?"

"नाई. चालू लागतात."

बाबांनी जरा विचार केला. "मंग शिंकून काय फायदा?"

मी चपला काढल्या, आत येऊन बाजेवर बसले. मायने पाणी आणलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, तळहाताकडे बघत होते, ज्यात काहीच नव्हतं. मी घोट घोट पाणी पीत राहिले. जितकं सावकाश पिता येईल तितकं. मला कुठेही कोणी थांबवू शकत नाही, नगरपालिकेचा कारकूनसुद्धा नाही. नुसत्या एका शिंकेवर मला परत आत बसवण्याचा हक्क ज्या घराला आहे, तेच माझं घर. आता इटलीत दुकान बंद करताना कोणी शिंकलं तर मी सालूते म्हणते, पण कुलूप लावायच्या आधी घडीभर स्टुलावर बसतेच. लूचानाही आता बसते.

पेला रिकामा झाला. मी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले. मागून बाबा परत शिंकले, आणि बाहेर गाडीवाल्याने न सांगता इंजिन बंद केलं.