मिरचीच्या यंत्रापाशी झोप

शेजाऱ्याने माझ्या भिंतीला लागून मिरची कांडायचं यंत्र बसवलं, तेही मला न विचारता. तो राग अजून आहे. मी बैलांचा दलाल. पहाटे मालेगावचा बाजार गाठायचा, म्हणून दुपारची झोप हवीच. न झोपलेला दलाल हमखास फसतो. मी रोज ओरडायचो, यंत्र थांबायचं नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, आवाजासंग भांडू नका. तो येते अन् जाते, तेवढंच आयका. श्वासाकडे ध्यान ठेवा."

"त्यानं धडधड करावी अन् मी आयकू?"

तरी आडवा झालो. धाड, धाड. आणि एकदम सुचलं, हे तर मला येतं! आम्ही रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव करतो. समोरचा कितीही दाबो, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. यंत्राला दाबू दिलं, सावकाश श्वास सोडत राहिलो. हसू फुटत होतं. त्यातच झोप लागली.

कोणीतरी गदागदा हलवलं. यंत्र बंद करून शेजारी धावत आला होता.

"भाऊ, आज काहून ओरडून नाही राह्यले? मले वाटलं, गेले का काय!"

मी पोट धरून हसत त्याला भरपूर शिव्या दिल्या. तो निर्धास्त होऊन परतला, यंत्र सुरू झालं आणि मी पुन्हा डोळे मिटले.