लोणच्याच्या कंपनीचे शंभर शेअर

नवी नवरी असताना मागच्या ओसरीवर कपडे पिळता पिळता इमोजीनने सासूचं आणि नणंदेचं भांडण ऐकलं होतं. सासू म्हणत होती, "लोणच्याची कृती लेकीची. सुनेला मसाला सांगितलास तर याद राख!"

"सांगून झालाय, ममा," नणंद व्हर्डेल म्हणाली. "आता काय, कान उपटतेस माझा?"

त्याला बेचाळीस वर्षं झाली. सासू गेली, इमोजीनचा नवरा गेला. नणंद-भावजय दर उन्हाळ्यात हिरव्या टोमॅटोचं आणि कोबीचं लोणचं घालत राहिल्या, चर्चच्या जेवणात बरण्या चाटूनपुसून रिकाम्या होत राहिल्या. शेवटी, म्हातारपणी, दोघींनी कंपनी काढली. अटलांटाच्या सरकारी कचेरीतून कंपनी नोंदल्याचा, दोघींच्या नावांचा कागद आला. वकील म्हणाला, शंभर शेअर वाटून घ्या. पण निम्मे-निम्मे नको, एकीचा शब्द वरचा हवा.

झालं!

"एक्कावन्न तू घे, वहिनी."

"मी कशाला? कृती तुझ्या आईची."

"आणि ते शिजवताना हात कुणी भाजून घेतले?"

"तू मोठी आहेस."

"वय काढू नकोस हं, मेले!"

आमच्या गावात ताटातला कोंबडीचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. तू घे, तू घे करता करता तो गार होतो. शेअरचं तेच झालं. दहा रविवार गेले, आणि फेब्रुवारीत व्हर्डेल झोपेतच गेली.

वकील म्हणाला, "आता सगळेच तुम्ही घ्या, बाई. कंपनी तुमची."

एक्कावन्न घ्यायला जी लाजली, ती शंभर कुठून घेणार? "बंद करा," इमोजीन म्हणाली.

त्याने फॉर्म पुढे ओढला. "शेअर कुणाला दिलेत का?"

"नाही."

"एखादी बरणी विकली?"

"विकली नाही. वाटल्या."

"मग सोपं आहे. कंपनी काढणाऱ्या दोघींपैकी तुम्हीच उरलात, म्हणजे बंद करायला तुमची एक सही पुरे."

व्हर्डेलच्या नावाशेजारी तिने सही केली. रडू येईल म्हणून रुमाल काढून ठेवला होता, आलं नाही. पेन कुठल्याशा टायरवाल्याच्या जाहिरातीचं होतं, तेवढं तिने वाचलं. रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

गुरुवार होता, आणि गुरुवारी ती पोस्टात जायचीच. खिडकीतून फॉर्मचं पाकीट आत सरकवलं, पोस्टातल्या बाईच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि ताक नि मक्याचं पीठ घेऊन घरी आली.