पाठीमागचा लांडगा

माझा रिव्ह्यू आदित्यनं उभं राहून वाचला. माझाच आवाज काढून.

रविवारची दुपार होती. त्याच्या बंगल्यातली वरची खोली, थंडगार एसी, भिंतीएवढा टीव्ही. खाली गालिच्यावर आमच्या गेम खेळणाऱ्या गटातली बारा-तेरा पोरं. त्यानं सोफ्यावरची शाल उचलली, घोंगडं घेतल्यासारखी खांद्यावर टाकली आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

"दुसरा भाग लई भारी हाय. कळाया येळ लागतो. मेंढरं गप झाली की समजायचं, ते आलंय."

'हाय' त्यानं लांबवला. 'मेंढरं' म्हणताना नाकातून आवाज काढला. पोरं गालिच्यावर लोळायला लागली.

"ब्रो, हा रिव्ह्यू आहे का जनावरांचा बाजार?"

मीही हसलो. आधी ते सांगतो, कारण ते लपवायला सोपं आहे. मग म्हणालो, "ते माझं नाही बे. आईनं सांगितलं तसं लिहिलं. ती अडाणी हाय."

माझ्याही तोंडून 'हाय'च गेलं. पुन्हा हशा झाला.

मी ऐकून घेणारा माणूस नाही. भवानी पेठेत माझा गाळा आहे. व्हिडिओ गेमचे जुने कन्सोल, कंट्रोलर, डिस्क घेतो, विकतो, बिघडलेले दुरुस्त करतो. हे मला कुणी दिलं नाही. सांगोल्याकडून आलो तेव्हा अंगावरचे कपडे होते आणि आई होती. वडील गेले, मेंढरं विकली, शहरात आलो. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागलो. तिथं एकदा मालकाचा मुलगा आला होता, माझ्याच वयाचा. मी घडी घातलेला वरचा टॉवेल उचलून त्यानं बूट पुसले आणि परत गठ्ठ्यावर ठेवला. मालक बघत होते. मला म्हणाले, "दुसरा घे रे." तो मुलगा म्हणजे आदित्य. त्याला हे आठवत नाही. मला त्या टॉवेलची किनारसुद्धा आठवते. निळी होती.

भंगारातून एक मेलेला कन्सोल आणला, तो चालू केला आणि तिथून सुरुवात झाली. घासाघीस मला रक्तातून आली. आमचे वडील बाजारात कोकराचा सौदा रुमालाखाली करायचे. दोन माणसांचे हात रुमालाखाली, बोटं धरायची, दाबायची. भाव ठरला तरी बाजूच्याला कळत नाही. ज्या कोकराचा सौदा चाललाय त्यालाही नाही. आज भवानी पेठेत माझ्याशी भाव करताना माणूस घामाघूम होतो. आणि त्या खोलीत मी एका मिनिटात स्वतःच्या मालाचा भाव पाडून टाकला. माझा तरी कुठं होता तो माल. आईचा होता.

ते कसं झालं ते सांगतो.

ज्या गेमवर मी तो रिव्ह्यू लिहिला, त्याचा पहिला भाग सगळ्यांना आवडला होता. एक घर, लांब बोळ, दार उघडलं की अंगावर येणारं काहीतरी. दुसरा भाग आला आणि आमच्या गटात मारामारी व्हायची वेळ आली. कारण यात घरच नाही. धुक्यातला मोकळा माळ, दगडी बांध, वारा, आणि एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत मेंढरांच्या मागं चालते. बस, चालत राहते. अर्धी पोरं म्हणाली, हा गेम नाही, पायी फिरायचा व्यायाम आहे, पैसे परत द्या. अर्धी म्हणाली, वातावरण बघा, आवाज ऐका, पहिल्यापेक्षा हाच खरा. आदित्य पहिल्या बाजूचा. गटाचा अॅडमिन तो, त्यामुळं हळूहळू सगळेच पहिल्या बाजूचे झाले. त्याचा मोठा मुद्दा हा की यातलं जनावर सूचना न देता मारतं. "अनफेअर आहे, ब्रो."

मलाही तसंच वाटत होतं. दगडी बांधाच्या खिंडीत मी नऊ वेळा मेलो होतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, गाळ्याचा पडदा ओढून खेळत होतो. आई डबा घेऊन आली होती आणि खाली बसून शेंगा फोडत होती. दहाव्यांदा मी खिंडीत शिरलो तेव्हा तिनं मान वर केली.

"थांब की. घंटा बंद पडली."

"कसली घंटा?"

"म्होरल्या मेंढीच्या गळ्यातली. चरायची थांबली ती. बघ, समदी एका अंगाला तोंड करून हुभी हायती."

खरंच होतं. सगळी मेंढरं डावीकडं बघत होती. डावीकडं धुक्यात काहीतरी हललं. मी कॅमेरा तिकडं वळवला.

"तिकडं बघू नगंस, येड्या! तिकडं दिसतोय त्यो दिसायसाठीच असतोय. लांडगं दोगं येत्यात. एक म्होरं हुभा ऱ्हातो, मेंढरं आन मानूस त्याच्याकडं बघत्यात. दुसरा पाठीमागनं उचलून नेतोय."

मी पाठीमागं वळलो. दोन पावलांवर ते होतं. मी बांधावर चढलो आणि वाचलो. पहिल्यांदाच.

आई शेंगा फोडत म्हणाली, "तुजा बा झोपायचा न्हाय असल्या वाऱ्यात."

त्या दिवशी कळलं की सूचना होती. गेम बनवणाऱ्यानं ती घंटेत ठेवली होती. आम्ही सगळे भूत शोधत होतो, आणि ऐकणारी एकटी माझी आई होती. मी ते गटात लिहिलं. तिच्या शब्दांत लिहिलं, कारण माझ्या शब्दांत ते बसत नव्हतं. आणि पहिल्याच हशाला तिला पुढं करून मी मागं सरकलो.

दोन दिवसांनी आदित्यचा फोन आला.

"भावा, तुझ्या आईला आण ना. व्हिडिओ करू, गेम खेळताना मावशींची कॉमेंट्री. लोक वेडे होतील."

तिथं मला राग यायला हवा होता. मला सुचला तो हिशेब. मी म्हणालो, "दुकानाचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसलं पाहिजे."

"डन."

"आणि बारीक अक्षरांत नाही."

"अरे डन, शेठ."

रुमालाखालचा सौदा झाला. आईला मी वेगळंच सांगितलं. "आये, त्या पोरांना मेंढरांची म्हायती पाहिजे. कुणाला काय ठावं न्हाय त्यातलं."

ती खूश झाली. शहरात आल्यापासून तिला येतं ते तिला कुणी विचारलंच नव्हतं. ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. रिक्षात दोनदा विचारलं, "काय बोलू रं?"

"तुला येतंय ते बोल."

त्या खोलीत ती सोफ्यावर बसेना. खाली बसली. आदित्य म्हणाला, "खालीच बसू दे, एकदम ऑथेंटिक." पदरावरून तिच्या डोक्याला हेडफोन लावला. ती लाजली, मग ऐकायला लागली आणि तिचा चेहरा बदलला. ती माळावर गेली होती. वारा कुठून येतोय, कळप कसा दबतो, गाभण मेंढी का मागं राहते, सगळं सांगत होती. आदित्य खेळत होता. ती ओरडली, "बाळा, पाठीमागं बघ! लांडगं आलं!"

त्यानं बघितलं नाही. मेला. मग खेळ थांबवून म्हणाला, "मावशी, परत एकदा म्हणा ना. लांडगं."

"लांडगं."

"अजून जोरात."

"लांडगं!"

मागं पोरं एकमेकांच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होती. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं.

"ही हसत्यात कशाला रं?"

"खेळाला हसत्यात, आये."

तिनं ते खरं मानलं. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून तीही हसली. पदर तोंडाला लावून, पाहुण्यांच्या घरी हसतात तशी.

ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

व्हिडिओ दोन मिनिटांचा होता. वाऱ्याचं, कळपाचं, दोन लांडग्यांचं, सगळं कापलेलं. नुसतं 'लांडगं, लांडगं, लांडगं' आणि प्रत्येक वेळी मागं मेंढी ओरडल्याचा आवाज घातलेला. खाली माझ्या दुकानाचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत. बारीक अक्षरांत नाही. आदित्यनं शब्द पाळला होता.

दुकानात गर्दी झाली. पोरं आत शिरतानाच बें-बें करायची. "लांडगंवाल्या मावशी कुटं हायत बे?" मी हसून कंट्रोलर दाखवायचो. चार दिवस असंच केलं. एरवी कुणी डिस्कवर बोटाचा डाग पाडला तरी मी अंगावर जातो. त्या चार दिवसांत मी कुणाला एक शब्द बोललो नाही.

पाचव्या दिवशी आई डबा घेऊन आली. काउंटरवर एक मुलगा उभा होता. त्यानं तिला ओळखलं. वाईट नव्हता तो. कौतुकानंच त्यानं फोन तिच्यासमोर धरला. "आजी, तुमी फेमस झालाव की!"

आईनं दोन्ही मिनिटं बघितली. हललीसुद्धा नाही. संपल्यावर त्याला म्हणाली, "फुडं हाय का अजून?"

"नाही, एवढंच."

तो गेला. ती माझ्याकडं वळली.

"पाठीमागनं येतोय त्याचं न्हाय ह्यात."

मी काउंटरवरची डिस्क पुसायला घेतली.

"तुला ठावं हुतं, हसत्यात कशाला?"

मला खोटं बोलता येतं. धंदाच आहे माझा. पण त्या वेळी आलं नाही.

"व्हय."

तिनं डबा काउंटरवर ठेवला. चपला घातल्या. जाताना म्हणाली, "आमटी गरम हाय. खाऊन घे." आणि गेली.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात आदित्य दुकानात आला. गाडी रस्त्यात आडवी लावून. "शेठ, व्हिडिओ हिट आहे. आता पार्ट टू करू. या वेळी मावशींना घोंगडं, हातात काठी. तू काय मागशील ते."

"व्हिडिओ काढून टाक."

त्याला वाटलं भाव वाढवतोय. हसला. "बोल ना, काय हवंय?"

"काढून टाक म्हणलं."

"अरे, डील तूच केलीस. नाव टाकलं की नाही मी?"

हे खरं होतं. हातात कंट्रोलर होता, तो मी काउंटरवर आपटला. प्लॅस्टिकचे तुकडे त्याच्या बुटावर उडाले.

"केली! मीच केली. माझी नसलेली वस्तू मी विकली. तू घेतलीस. दोघंही चोर. चल, नीघ."

तो खाली वाकला. काउंटरवर स्क्रीन पुसायचं माझं फडकं होतं. तेच उचलून त्यानं बूट पुसायला घेतला. सवय असते एकेकाची. मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. या वेळी दुसरं घ्यायला सांगणारं कुणी नव्हतं.

"लई इमोशनल झालास रे," माझीच बोली काढत तो म्हणाला. "लाख लोकांनी बघितलंय. आता काढून काय होणार?"

आणि गाडीत बसला.

त्यानं व्हिडिओ काढला नाही. काढणारही नाही. मी त्या दुपारी गटात पुन्हा रिव्ह्यू लिहिला. आईचं एक एक वाक्य, तिनं सांगितलं तसं. हाय, न्हाय, लांडगं, काही न बदलता. खाली लिहिलं: हे माझ्या आईनं शोधलं. त्या रविवारी मी तिला अडाणी म्हणालो. ती अडाणी नाही. मी भित्रा आहे. घंटा तुम्हाला ऐकू आली नाही, तिला आली. दुसरा भाग कंटाळवाणा आहे म्हणणाऱ्यानं आधी ते ऐकून दाखवावं.

दहा मिनिटांत मला गटातून काढलं. पोरं आता स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

मी जाऊन आईला सांगितलं, सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "बरं." बाकी काही नाही. ती आता दुकानात येत नाही. डबा मीच सकाळी घेऊन निघतो. घरी टीव्हीवर मेंढरं दिसली तर ती उठून आत जाते. माफ कर म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. माफीचीही घासाघीस होईल, मला माझी खोड माहीत आहे.

इतकी वर्षं मी आदित्यकडं बघत आलो. त्याचे बूट, त्याचा बंगला, त्याचं हसू. समोर उभा होता तो, दिसायसाठीच. आईच्या पाठीमागून आलो तो मी.

दुकानाचं नाव मी बदलणार नाही. खूप जण म्हणाले, बदल, लोक विसरतील. विसरू देणार नाही. तो व्हिडिओ बघून अजूनही कुणीतरी येतं, बें-बें करतं. मी माल दाखवत नाही. आधी त्याला उभं करून सगळं सांगतो. तिनं काय सांगितलं होतं, त्यातलं काय कापलं, आणि तिला तिथं नेऊन बसवलं कुणी. ऐकून घेतलं तर पुढचं बोलणं. नाही ऐकलं तर दार उघडं आहे.

या दुकानात प्रत्येक वस्तूचा भाव होतो. माझ्या आईच्या बोलण्याचा होत नाही. विचारूही नका.