साडूचं निदान

माझ्या धाकट्या साडूवर मी जळतो. तो पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. परभणीला सासरी गेलो की सासरे मला 'या गुरुजी' म्हणत खुर्ची दाखवतात. पहिला गरम धपाटा मात्र साडूच्या ताटात पडतो. थोरला जावई मी, पण ते लग्नपत्रिकेपुरतंच.

सासऱ्यांकडे वीस-बावीस वर्षांची गाडी होती. पंचाहत्तरीतही ते स्वतः चालवत शेतावर जायचे, कुणाच्या मिनतवाऱ्या नाहीत. उन्हाळ्यात ती तापायला लागली. मी म्हणालो, "मामा, मेकॅनिकला दाखवू."

"धोंड्याला धाकटे जावई यायलेत की. त्यांना सोडून दुसऱ्याला दाखवली तर त्यांना काय वाटंल?"

मला काय वाटेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

अधिक महिन्यात आम्ही दोघे जावई धोंड्याच्या जेवणाला जमलो. साडूने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं आत डोकावला आणि निकाल दिला. "बोअरचं पाणी घालता ना? रेडिएटर क्षारांनी चोंदलाय." त्याने रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरलं. सासरे टॉवेल घेऊन शेजारी उभे, त्याला हात पुसायला! माझा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी मी एकटाच गाडी घेऊन चक्कर मारायला गेलो. पिंगळीपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नाही. परतताना बसस्टँडसमोरच्या गर्दीत अडकलो, तसा वर चढायला लागला. कडेला घेऊन बॉनेट उघडलं तर इंजिन चालू आणि रेडिएटरमागचा पंखा ढिम्म! गाडी पळताना वारा लागतो म्हणून इंजिन निवतं, थांबली की पंख्याशिवाय निवणार कसं? वायर निसटली असेल, नाहीतर फ्यूज उडाला असेल. इंजिनिअरला न कळलेलं मास्तराला कळलं होतं. इंजिन थंड होऊ दिलं आणि घरी जाऊन हे कसं सांगायचं, ते मनात घोळवत निघालो.

दारात सासरे शेजाऱ्याला सांगत होते, "आमचे धाकटे जावई लय हुशार. हात लावला की रोग कळतोय बघा."

मी तोंड मिटलं. उद्या चारचौघांत तापू दे, मग कळेल हुशारी.

दुसऱ्या दिवशी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो. सासरे चालवायला, शेजारी साडू, मी मागे. देवळाजवळ गाड्यांची रांग लागली होती. काटा चढताना मला मागूनही दिसत होता.

"इंजिनिअर साहेब, काटा वर चाललाय," सासरे म्हणाले.

"काटाच खराब असेल मामा. कूलंट नवं आहे, चालू द्या."

सासऱ्यांनी चालू दिली. जावयाचा शब्द, तोही धोंड्याच्या महिन्यात, कोण मोडणार? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बॉनेटखालून वाफेचा लोट आला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

गाडी ओढून मेकॅनिककडे नेली. इंजिनचं हेड वाकलं होतं. "काका, गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त हाय, भंगारात द्या," तो म्हणाला. "पंख्याची वायर निघालती. कुणी आधी बघितलं असतं तर काईच झालं नसतं." साडूने मान खाली घातली. मला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं झालं होतं.

आता सासरे शेतावर जायला शेजाऱ्याच्या मोटरसायकलची वाट बघत बसतात. त्याला सवड नसली की दिवसभर घरातच. मागच्या रविवारी गेलो तर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"गुरुजी, माझं चुकलं. तुमी म्हणला होता मेकॅनिकला दाखवू. तुमच्यावर भरोसा ठेवायला पायजे होता."

हे ऐकायला बारा वर्षं माझे कान आसुसले होते. मी म्हणालो, "असू द्या मामा." आता ते प्रत्येक गोष्ट मला विचारून करतात, आणि त्या पंख्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.